सुमनकाकूंची बॅटरी

सुमनकाकू गाडी सपाट जागेवर लावायच्या नाहीत. त्यांना उतार पाहिजे. वाशिमच्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर रस्ता जरा खाली उतरतो, तिथे गाडी तोंड खाली करून लावायची, चाकाला दगड द्यायचा, आणि मग काकांना हाताला धरून आत न्यायचं. रखवालदार दर वेळी ओरडायचा, "बाई, इथं साहेबाची गाडी लागते." काकू पदर खोचत म्हणायच्या, "मंग तू ढकलून देशीन का माही गाडी? देत असशीन तं लावतो सपाटीवर." तो बिचारा साहेबाच्या गाडीची वाट पाहत फाटकाकडे वळायचा.

आसेगावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. काकूंची लेक पुण्याला, बाकी मूलबाळ नाही. नामदेवकाकांच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना वाशिमला डायलिसिसला न्यावं लागे. गाडी काकांनी आजारपणाआधी एका दसऱ्याला नवीकोरी घेतली होती. मग हात थरथरायला लागले आणि चावी काकूंकडे आली. शिकवलं काकांनीच, म्हणजे शेजारी बसून शिव्या दिल्या आणि काकूंनी त्या ऐकत गाडी चालवली. माझं शिवणकाम घरचंच, म्हणून मी मागच्या सीटवर काकांना धरून बसायची. डायलिसिसच्या मशीनवरून उठल्यावर माणूस पार गळून जातो, कोणीतरी धरायला लागतंच.

त्या वर्षी गाडीची बॅटरी मरायला टेकली. सकाळी चावी फिरवली की इंजिन कण्हायचं, दिवे पिवळे पडायचे, बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी यायची. काकू ती गरम पाण्यानं धुवायच्या आणि बॅटरीला दटावायच्या, "आजचा दिवस काढ वं माय, उद्या तुले कोणी इचारत नाही." वाशिमच्या बॅटरीवाल्या रफिकभाईंनी मीटर लावून आधीच सांगितलं होतं, "काकू, आपल्याकडच्या उनात कंपनीची बॅटरी तीन-चार वर्सं निघाली तं लय झालं. उन्हाळा तिले आतून खाते, अन् दगा देते मागून. हे पाचव्यात हाय. चार्ज करून पाह्यली ना मी, धरूनच नाही राह्यली. चालून राह्यली तवरच बदला."

आता एवढं सांगितल्यावर कोणीही बदलली असती. पण नेमका पितृपक्ष लागला.

पितृपक्षात नवी वस्तू घ्यायची नाही हे आपण सगळेच पाळतो, पण काकांचं पाळणं वेगळं होतं. त्यांच्या थोरल्या भावानं ऐन पितृपक्षात विहिरीवर नवा मोटारपंप आणला आणि त्याच पंधरवड्यात त्या पंपाचा शॉक लागून तो गेला. काकूंनीही ते डोळ्यांनी पाहिलं होतं, नव्यानंच सून होऊन आल्या होत्या तेव्हा. बॅटरीचं नाव काढलं की काका हात जोडायचे, "सुमे, घटस्थापना होऊ दे. पितरायच्या दिवसात नवी वस्तू आली, तं पितर मले घेऊन जातीन." आजारी माणूस असा हात जोडतो तेव्हा काय बोलणार? मी मात्र चिडायची. म्हटलं, काका, बॅटरी काय पंचांग पाहून मरणार आहे का? काकूंनी मला डोळ्यांनीच दाबलं.

मग काकांच्या वडिलांचं श्राद्ध आलं, गुरुवारी. डायलिसिसच्या माणसाला पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं, आणि काकांनी वडिलांच्या नावाची खीर दोनदा मागून घेतली, वर कढी ओरपली. काकू वाढायला नाही म्हणाल्या तर म्हणाले, "बापाच्या श्राद्धाले उपाशी उठू का?" शुक्रवारी सकाळी मी गेले तर काका पलंगावर टेकून बसलेले. आडवं होता येईना, श्वास घेताना छातीतून आवाज, पाय टम्म सुजलेले. पाणी छातीत चढलं होतं. काकू म्हणाल्या, "वनिता, धर यायले. आज लवकर पोचा लागते."

चावी फिरवली आणि नुसतं टकटक झालं. इंजिन कण्हलंसुद्धा नाही. गल्लीतले चार बाप्ये धावून आले, ढकलली, काकूंनी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला आणि गाडी हिसका देऊन सुरू झाली. काकूंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट, समोर नजर, अन् तोंडानं एकच, "बंद पडू नको, बंद पडू नको."

गाव मागे पडून बराच रस्ता कापला असेल. डावीकडून म्हशी निघाल्या आणि सरळ रस्त्यात आल्या. काकूंनी ब्रेक दाबला, क्लच दाबायचा राहिला, गाडी गचकन थांबली आणि इंजिन बंद. दोन्ही बाजूंना सोयाबीन, रस्ता ताटासारखा सपाट. चावी फिरवली, तर आता टकटकही नाही.

काकांचे ओठ काळसर दिसायला लागले होते. माझ्या हातातला त्यांचा हात गार पडला होता. ते म्हणाले, "सुमे, पोचतो का वं आपण?"

"बोलू नका. दम राखा," एवढं म्हणून काकू खाली उतरल्या. एक जीप आली, टपावरही माणसं बसलेली, थांबलीच नाही. एक मोटारसायकलवाला थांबला, पण श्वास लागलेल्या माणसाला मोटारसायकलवर बसवायचं कसं? मला तर रडूच फुटलं. काकूंनी शेताकडे तोंड केलं आणि अशी हाक मारली की माझ्या अंगावर काटा आला, "माय हो, माहा माणूस चालला वं! हात लावा!"

सोयाबीन सोंगणाऱ्या बाया विळे टाकून धावत आल्या. लुगड्यावर नवऱ्यांचे शर्ट घातलेले, डोक्याला फडकी. कोणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मोटारसायकलवालाही लागला. काकू आत बसल्या, बायांनी रेटा दिला. पहिल्यांदा गाडी नुसती घरंगळली. काकू ओरडल्या, "आनखी जोरानं!" दुसऱ्या वेळी बाया अक्षरशः पळाल्या, एकीची चप्पल रस्त्यातच राहिली, आणि इंजिन लागलं. थांबून आभार मानायचीही सोय नव्हती. काकूंनी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला आणि मग कितीतरी वेळ जोडल्यासारखा कपाळाला लावून धरला.

दवाखान्यात काकांना ऑक्सिजन लावला, मग मशीन. डॉक्टर काकूंना म्हणाले, अजून उशीर झाला असता तर कठीण होतं. काकांच्या छातीतला आवाज कमी होऊन त्यांचा डोळा लागेपर्यंत त्या उशाशी उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "चाल."

"कुठे?"

"रफिकच्या दुकानात."

मी हबकले. म्हटलं, "काकू, काकांना कळलं तर हायच खातील. जुनी एखादी टाकून घ्या, जुनी म्हणजे काही नवी वस्तू होत नाही."

"जुनी ज्याच्या गाडीतून निघाली, ते बी वय झालं म्हूनच निघाली ना वं? पुन्हा त्या रस्त्यात उभं राहू मी?"

फाटकाबाहेरच्या उतारावरून गाडी घरंगळत सुरू केली आणि दुकानात नेली. रफिकभाईंनी जुनी बॅटरी काढली. तिचं पोट फुगलं होतं, बाजू बाहेर आल्या होत्या. नवी बसवली आणि वॉरंटीचं कार्ड भरायला घेतलं. "काकांचंच नाव टाकतो ना? गाडी त्यायच्याच नावावर हाय."

"नाही. सुमन लिहा," काकू म्हणाल्या. "बिल बी माह्याच नावानं."

मला आपलं वाटलं, बरं झालं, बाईला एकदाचा आपला मान कळला. मी हसलेसुद्धा. काकू हसल्या नाहीत.

परत निघताना गाडी एका चावीत सुरू झाली. काकांनी विचारलं, "आज लवकर लागली?" काकू म्हणाल्या, "ऊन पडलं ना, म्हून," आणि गिअर टाकला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता काकू माझ्या दारात. "चाल, तुले गाडी शिकवतो." मी म्हटलं, मला सायकल धड येत नाही! ऐकतील तर ना. गावाबाहेरच्या पडीक वावरात मला स्टिअरिंगवर बसवलं आणि सुरू झाल्या. क्लच सोड, हळू सोड, मेले हळू! काकांच्या सगळ्या शिव्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या, त्या आता माझ्यावर निघाल्या. मी बांधावर चढवली, बाभळीत घातली. सकाळ-संध्याकाळ हेच. त्याशिवाय काकांच्या गोळ्या कोणत्या, फाईल कुठे, मशीनवरच्या सिस्टरला काय सांगायचं, हेही मला घोकायला लावायचं. शेवटी मी स्टिअरिंगवर हात आपटला, "अहो, पण घाई कशाची आहे एवढी? तुम्ही आहात ना?"

काकू समोर पाहत होत्या. "बॅटरी माह्या नावावर काहून घेतली वं मी? पितरायले कोणाले न्यायचंच असंन, तं मले नेतीन. ह्यायले नाही. पण मी गेली तं मंगळवारी ह्यायले कोण नेईन?"

मला वाटत होतं ही बाई काही मानत नाही. ती तर काकांइतकंच मानत होती, आणि जिवाची भीती घेऊन गुपचूप भाजी चिरत होती, भाकरी थापत होती. मी तिचा हात धरला तर तो घामेजला होता. तो सोडून मी पुन्हा चावी फिरवली.

अमावास्येपर्यंत मी रोज भिंतीपलीकडचा कानोसा घेत होते. काकू खोकल्या तरी मी शिवण टाकून उठायची. सर्वपित्रीच्या दिवशी मंगळसूत्राशिवाय अंगावर काही ठेवलं नव्हतं त्यांनी, बाकीचं सगळं लेकीसाठी पुरचुंडीत बांधून ठेवलेलं. घटस्थापनेच्या सकाळी त्या न्हाऊन माझ्या दारात आल्या, पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "हावो वं मी, जित्ती." आणि रडायला लागल्या, अशा की मला त्यांना आवरता येईना.

त्याच दुपारी त्यांनी काकांना सगळं सांगून टाकलं. सांगितलं म्हणजे तरी काय, वॉरंटीचं कार्ड त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि आत निघून गेल्या. काकांनी चष्मा लावून नाव वाचलं. मग मला हाक मारली. मला वाटलं, आता काका मलाच धारेवर धरणार.

"वनिता, मी भेलो ते माह्या जिवासाठी," काका म्हणाले. "अन् सुमी भेली, तेबी माह्याच जिवासाठी."