पाठमोऱ्या वन्सं

आमच्या वन्सं संशयी. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. वन्सं आधी ते ताकच आहे ना, याची खात्री करतात. माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण. लग्न केलं नाही, कारण आलेल्या प्रत्येक स्थळात त्यांना काहीतरी काळंबेरं दिसलं. खरं सांगायचं तर बरेचदा ते निघालंही. त्यामुळे त्या आमच्याकडेच असतात.

धंदा मात्र लोकांना फसवण्याचा. टीव्हीच्या मालिकेत एकच नटी दोन भूमिका करत असली, की एकीचा चेहरा दाखवताना समोर दुसरीची पाठ लागते. ती पाठ वन्संची. खांदे, मान, उंची अगदी नटीसारखी. वर केसांचा टोप चढवला की झालं. वय चेहऱ्याला असतं, पाठीला नसतं, असं त्या म्हणतात.

या वर्षीची मालिका क्लोनची होती. एका श्रीमंताची मुलगी सारखी आजारी, म्हणून तिच्याच पेशीपासून प्रयोगशाळेत हुबेहूब दुसरी वाढवलेली. हिचं काही बिघडलं की तिचं काढायचं. संध्याकाळी आम्ही ती बघायचो आणि भांडायचो. ‘तिला बनवलंच त्यासाठी ना?’ असं मी एकदा म्हटलं, तर वन्सं उसळल्या. ‘बनवलं म्हणजे मालकी झाली? मग आईबापांनी पोरं विकायला काढावीत!’

त्याच सुमारास माझ्या नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या आणि जुळली ती फक्त वन्संची किडनी.

त्या दिवसापासून आम्ही सगळे गोड बोलायला लागलो. मी फळं सोलून दिली की वन्सं बशीकडे बघत, मग माझ्याकडे. ‘आज काय विशेष?’ दिराने त्यांच्यासाठी नवी गादी आणली, तर त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली. माझा पारा चढायचा. चांगलं वागावं तरी पंचाईत! डॉक्टरांनी तारीख सुचवली, दिराने रजा टाकली, मी खोली धुऊन घेतली. घरचंच माणूस, विचारायचं काय त्यात?

मग एक दिवस वन्सं मला शूटिंगला घेऊन गेल्या. ‘साक्षीला कोणीतरी असावं,’ म्हणाल्या. कसल्या साक्षीला, ते सांगितलं नाही.

प्रसंग साधा होता. क्लोनने लांब बोळातून स्वतःच्या पायांनी ऑपरेशनच्या खोलीकडे चालत जायचं. कॅमेरा मागून, म्हणजे वन्संचंच काम. दिग्दर्शक ओरडला, पण वन्सं जागच्या हलल्या नाहीत.

‘मावशी, चला ना.’

‘ही कुठे चाललीय?’

‘ऑपरेशनला.’

‘हिला कोणी विचारलं?’

‘क्लोनला काय विचारायचं मावशी? तिला माहीतच असतं.’

‘मग हिला चालवता कशाला? ढकलत न्या की.’

सगळे हसले. वन्संनी मान वळवली, पण दिग्दर्शकाकडे नाही, माझ्याकडे. लेकी बोले सुने लागे, तसं ते मला बरोबर लागलं. माझे कान तापले. या बाईचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी तिची इतकी दया आली की तिथून उठून जावंसं वाटलं. दिग्दर्शकाने शेवटी खरोखरच स्ट्रेचर मागवलं आणि वन्सं त्यावर मुकाट्याने आडव्या झाल्या.

घरी आल्यावर मी नवऱ्याला खोलीत गाठलं. ‘तुम्ही वन्संना विचारा.’

‘काय विचारायचं? ती देणारच आहे.’

‘मग विचारायला काय जातं?’

डायलिसिसने त्याचा चेहरा सुकला होता. ‘नाही म्हणाली तर?’ तो हळूच म्हणाला.

‘तर नाही. आणि तरीही त्या इथेच राहतील. तेही सांगा.’

मला काय कमी भीती वाटत होती? पण मी त्याचा हात धरून त्याला बाहेर आणलं. वन्सं कपड्यांच्या घड्या घालत होत्या. तो समोर खुर्चीवर बसला.

‘ताई, मला तुझी किडनी हवी आहे. देशील का? नाही म्हणालीस तरी हे घर तुझंच आहे.’

वन्संच्या हातातली घडी थांबली. त्यांनी त्याला निरखून पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या मला.

‘हे तुला हिने शिकवून पाठवलं ना?’

मी डोळे मिटून घेतले. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं असावं.

‘हो,’ तो म्हणाला. ‘माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.’

‘खोटं बोलला असतास, तर नाहीच म्हणणार होते,’ वन्सं म्हणाल्या.