बायजीने शिकवलेलं रडणं

तलासरीकडच्या डोंगरातून लग्न होऊन नरपडला आलेली बायजी चिकूच्या वाडीत कामाला जायची. पण गावात कुणी गेलं की तिच्यावाचून पान हलत नसे. मेलेल्याचं नाव घेऊन, त्याच्या खोड्या आठवून ती अशी रडायची, की जन्मभर भांडलेल्या जावांनाही पाझर फुटावा. सहा वर्षांपूर्वी तिची स्वतःची नऊ वर्षांची लेक, धाकली, तापाने गेली. तिच्यासाठी बायजी तीन दिवस रडली, आणि त्यानंतर कुणाच्याच दारी रडायला गेली नाही.

मग समुद्रकाठी परदेशी सिनेमाचं शूटिंग आलं. इथे येऊन इथलीच झालेल्या एका आईचं काम करायला हंगेरीच्या मार्गितबाई आल्या होत्या. चाळीस वर्षं नाटका-सिनेमात काढलेली बाई! राणी झाली, भिकारीण झाली, हजारो लोकांसमोर रडली. पण इथलं रडणं काही तिला जमेना. शेवटी डहाणूची दुभाषी जयश्री बायजीला शोधत आली.

“खोटा रडता येत नाय माना,” बायजी म्हणाली. “नाव लागतंय.”

नाव काय शोधायला जायचं होतं? आठ दिवस झाडाखाली बसून तिने धाकलीचंच रडणं शिकवलं. मार्गितबाईंना शब्द कळत नव्हते, पण श्वास कुठे तुटतो ते नेमकं कळायचं. बाई गुणाची, हे कबूल करायलाच हवं. बायजीला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी कुणीतरी लेकीचं नाव मोठ्याने घेतंय.

शूटिंगच्या दिवशी खाटेवर एक पोर निजवली होती. मार्गितबाईंनी तिला कवटाळून हंबरडा फोडला. “धाकले, ऊठ गं! भात निवला, ऊठ!” बघणारे डोळे पुसू लागले.

“कट!”

पोर उठून बसली, हसली आणि तिने बिस्किट मागितलं.

‘ऊठ गं’ हेच शब्द बायजीने तीन दिवस म्हटले होते. मार्गितबाई तिच्याजवळ आल्या. बरोबर झालं का, असं जयश्रीने त्यांच्या वतीने विचारलं.

“बेस झाला, बाय. तू हाक मारलीस नि उठली ती,” बायजी म्हणाली. “माझी नाय उठली.”

जयश्रीला ते पुढे सांगवेना. तेवढ्यात दिग्दर्शकाने आणखी एकदा घेऊ म्हणून हात वर केला, आणि पोर मुकाट्याने आडवी होऊ लागली. बायजी धावली. पोरीला पोटाशी गच्च धरून ती साऱ्यांवर ओरडली, “उठली ना आता! परत नका निजवू तिला!”