न मोजलेल्या शंभर पेशी

पहिली गोष्ट म्हणजे, मी पांढऱ्या पेशी मोजत नसे. निदान रोज नाही, आणि मॅटिनीला जायचं असलं तर मुळीच नाही.

तंजावरात रक्त तपासणाऱ्या एका खासगी लॅबमध्ये मी छत्तीस वर्षं काम केलं. रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा, सुकला की सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि शंभर पांढऱ्या पेशी एकेक करून मोजायच्या, कुठल्या जातीच्या किती ते. दिवसाला चाळीस काचा आल्या की माणूस ऋषी होतो, नाहीतर लबाड. मी ऋषी झालो नाही. आमच्यातले काही जण वीस पेशी पाहत आणि उरलेल्या ऐंशी मनाने भरत. मी अधूनमधून शंभरही मनाने भरत असे. त्यालाही कसब लागतं. सगळ्यांना एकच आकडा देऊन चालत नाही. एकाला बासष्ट न्यूट्रोफिल दिले की दुसऱ्याला सहासष्ट द्यायचे.

या पेशींना लोक शरीराचे सैनिक म्हणतात. मी त्यांना जवळून पाहिलं आहे, माझं मत तितकं बरं नाही. हाडांच्या मगजात जन्मतात आणि रक्तात हिंडत राहतात. न्यूट्रोफिल भांडण दिसलं की आधी धावतात, कशावरून चाललंय ते विचारत नाहीत, आणि मरून पू होतात. लिम्फोसाइट आमच्या आत्यासारखे: वीस वर्षांपूर्वी दारात कोण आलं होतं ते विसरत नाहीत. त्यांतल्या काहींची शाळा छातीच्या हाडामागे, थायमस नावाच्या ग्रंथीत भरते. वय वाढलं की त्या शाळेत चरबी साठते. डावीकडे बरगड्यांखाली प्लीहा, ती जुन्या रक्तपेशी मोडीत काढते. आणि इओसिनोफिल, नारिंगी दाण्यांनी भरलेला, बुंदीच्या लाडवासारखा. शंभरात दोन-तीनच असायचे. अंगात जंत शिरले की मात्र यांची जत्रा भरते. आमच्या कावेरीकाठी डासांतून हत्तीरोगाचे जंत पसरत. सगळ्यांचेच पाय सुजत नाहीत. काहींना नुसता खोकला येतो, महिनोन्‌महिने.

माझ्या धाकट्या बहिणीला तसाच खोकला आला. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. तिरुवैयारूला गाणं शिकून आली होती आणि गल्लीतल्या दहा-बारा मुलींना आमच्या तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर, शिकवत होती. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. काच माझ्याकडेच आली. घरचंच माणूस, हिला काय होणार, असं म्हणून मी काच डब्यात टाकली, आकडे लिहिले आणि सिनेमाला गेलो. इओसिनोफिल दोन लिहिले. लिम्फोसाइट चाळीस लिहिले, जरा बदल म्हणून.

क्षयातही लिम्फोसाइट वाढतात; त्या चाळिसांनी घात केला. एक्स-रेत फुप्फुसावर बारीक ठिपके होते, रिपोर्ट माझा असा; डॉक्टरांना क्षय वाटला. रोज कमरेत एक इंजेक्शन, तीन महिने. तिचा पेला वेगळा, पान मागच्या पडवीत. समोरच्या मामींनी आपल्या दोन्ही मुली गाण्यावरून उठवून नेल्या, आठवड्यात तिण्णै रिकामी झाली. इंजेक्शनांनी कान बिघडतात हे डॉक्टरांना माहीत होतं, पण जीव वाचवायचा होता. डावा कान तेव्हाच गेला. तंबोरा लागलाय की नाही ते तिला कळेना.

चौथ्या महिन्यात नवं भिंग तपासायला जुनी काच हवी होती म्हणून मी डबा उघडला. तिचीच काच हाती आली. या खेपेला शंभर मोजल्या. अठ्ठावन्न इओसिनोफिल.

मी काय केलं? पुन्हा रक्त घेतलं आणि नवा रिपोर्ट करून डॉक्टरांना नेऊन दिला. तीन आठवडे जंतांवरच्या गोळ्या, खोकला बंद. जुना रिपोर्ट खोटा होता हे मी बोललो नाही; घरी सगळ्यांना क्षयच बरा झाला असं वाटलं, तेही वाटू दिलं. डॉक्टरांनी पाठ थोपटली, ती मी थोपटून घेतली. त्यानंतर पन्नास वर्षं बहीण येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आली, "माझा क्षय डॉक्टरांना बरा करता आला नाही, अण्णाने बरा केला." लग्न तिने केलं नाही. शाळेत भूगोल शिकवला. बायको गेल्यापासून मी आणि ती, एवढंच घर.

गेल्या महिन्यात उजव्या कानासाठी यंत्र घ्यायला गेलो. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तरुणपणी कसली इंजेक्शनं घेतली होती का?" बहीण अभिमानाने म्हणाली, "नव्वद!"

घरी येऊन तिण्णैवर बसलो आणि मी सांगायला लागलो.

"काय?" ती म्हणाली. यंत्र डब्यातच होतं.

"मी मोजलं नव्हतं!"

"काय मोजलं नव्हतंस?"

"तुझं रक्त! तुला क्षय नव्हताच गे!"

कबुलीजबाब ओरडून द्यावा लागणं ही शिक्षा मी स्वतःच तयार केली होती. एक सोय होती, आमचं घर सोडलं तर गल्लीत आता मराठी कुणाला येत नाही. इस्त्रीवाला मान वर न करता इस्त्री करत राहिला. मी सगळं सांगितलं. तिने यंत्राचा डबा बाजूला सरकवला.

मग म्हणाली, "आता तमिळात सांग."

"कुणाला?"

"मामी बसल्यात की समोर. त्यांना सांग. मोठ्याने."

समोरच्या मामी पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. मी उठलो, रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि तमिळात सांगितलं: हिला क्षय नव्हता, मी रिपोर्ट खोटा लिहिला. इस्त्रीवाल्याची इस्त्री थांबली.

मामी म्हणाल्या, "पोरींना मी उगाच नेलं तर." मग माझ्याकडे बोट करून बहिणीला म्हणाल्या, "याला जेवायला कशाला घालतेस?"

"काय म्हणाल्या?" बहिणीने विचारलं. तेही मला ओरडून सांगावं लागलं.

"बरोबर म्हणाल्या," ती म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. जेवायला घालते. दुसऱ्या दिवशी कॉफीशेजारी तमिळात लिहिलेला कागद होता, नावांची यादी. कुणी पेला वेगळा ठेवला, कुणी मुली नेल्या; जी माणसं हयात आहेत तेवढीच. मी एकेक घर गाठतो, सांगतो, परत येऊन त्या नावावर रेघ मारतो. रेघ ती पाहून घेते. तीन झाली. चौथी ओरत्तनाडूची आमची मामेबहीण, जिने तेव्हा बारशाला येऊ नकोस म्हणून निरोप धाडला होता. तिला फोनवर ऐकू येत नाही. नऊची बस धरतो.