व्हॅनकाकांची दहावी

आमच्या व्हॅनकाकांनी आम्हाला जेवढे धक्के दिले तेवढे आमचे सगळे शिक्षक, निकाल आणि नातेवाईक यांनी मिळूनही दिले नसतील. आणि कात्रज ते शाळा या रस्त्यावर त्यांच्या मागच्या सीटवर बसून खाल्लेले धक्के मी यात धरलेलेच नाहीत. यंदा आमची दहावीची बॅच शाळेतून बाहेर पडली. निरोप समारंभात प्रत्येकाने उठून हायस्कूलच्या आठवणी सांगितल्या. कुणाला सहल आठवली, कुणाला स्नेहसंमेलन, एकाला तर मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज आठवून भरून आलं. मी उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांसमोर फक्त एक पांढरी व्हॅन आली. तेव्हा तर खरा धक्का अजून बसायचाच होता.

पाचवीच्या पहिल्याच दिवशी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कडक इस्त्रीचा शर्ट घातलेल्या एका किडकिडीत गृहस्थांनी माझ्यासाठी व्हॅनचं दार सरकवलं आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, "आपण खिडकीशी बसा. आपल्याला उलटी होते, असं आपल्या मातोश्री म्हणाल्या." आयुष्यात मला कुणीतरी पहिल्यांदा 'आपण' म्हटलं आणि तेही उलटीच्या संदर्भात. काका सगळ्यांनाच 'आपण' म्हणत. बालवाडीतल्या शेंबड्या पोरालाही, "आपण आपला डबा सांडलात," असं सांगत. आडवा येणारा रिक्षावाला असला तरी काच खाली करून शांतपणे विचारत, "आपण हात उजवीकडे दाखवलात आणि वळलात डावीकडे. आपलं घरी कुणी ऐकतं का?" रिक्षावाला पुढच्या चौकापर्यंत उत्तर शोधत राही. काका मूळचे यवतमाळकडचे. ही पुणेरी मराठी त्यांनी इथे येऊन, कमावलेल्या शरीरासारखी कमावली होती. गावाकडची बोली फक्त जिवावर बेतलं की बाहेर पडे. एकदा बिबवेवाडीच्या उतारावर अचानक म्हैस आडवी आली. काकांनी करकचून ब्रेक दाबला आणि ओरडले, "अबे, काऊन मधात उभी हायेस!" मग गाडी बाजूला घेतली, केस नीट केले आणि "क्षमस्व," म्हणाले. आम्हाला म्हणाले की म्हशीला, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पण त्यांचा सर्वांत विचित्र नियम उतरण्याचा होता. व्हॅनचं दार ते स्वतःच उघडत आणि उघडण्याआधी विचारत, "आज काय शिकवलं?" प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची आणि ती त्यांना समजली पाहिजे. आमच्या वर्गातला ओंकार एकदा म्हणाला, "काहीच नाही शिकवलं." काकांनी इंजिन बंद केलं, वर्तमानपत्र उघडलं आणि म्हणाले, "मग थांबू. आठवेल." ओंकारच्या आईचे चार फोन आले. पाचव्या फोनच्या आत ओंकारला अख्खी पचनसंस्था आठवली. तो तोंडापासून सुरुवात करून मोठ्या आतड्यापर्यंत आला, तेव्हा काकांनीच हात वर केला. "पुढचं समजलं."

आठवीत एकदा ऋण गुणिले ऋण धन का, यावर व्हॅन पंचवीस मिनिटं अडली. सानिका आमच्यातली हुशार. तिलाही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी गणिताच्या सरांनाच फाटकापाशी गाठलं. सर म्हणाले, "अहो, ते तसंच असतं." काका म्हणाले, "'तसंच असतं' हे मी गॅरेजमध्ये ऐकून घेतो, सर. आपण शिक्षक आहात." सरांच्या हातातली हजेरी खाली पडली. त्या दिवशीचा अख्खा तास त्यांनी फक्त तेवढंच समजावलं, आणि अधूनमधून खिडकीबाहेर बघत होते.

हे सगळं काका का करतात, याबद्दल आमच्यात मतभेद होते. ओंकारच्या मते ते थोडे सटकलेले होते. सानिकाच्या मते ते पालकांचे हेर होते. मला काही मत नव्हतं. मी आपली लवकर उतरायला मिळावं म्हणून जे सुचेल ते ठोकून देत असे.

मग मार्च आला. मराठीच्या पेपरला काकांनी आम्हाला केंद्रावर सोडलं, "बैठक क्रमांक अक्षरी लिहायला विसरू नका," असं बजावलं आणि गाडी लावायला गेले. माझं आडनाव हजेरीत शेवटचं. त्यामुळे आमच्या शाळेचे क्रमांक माझ्यापाशी संपत होते आणि माझ्या मागून बाहेरून बसणाऱ्यांचे सुरू होत होते. घंटा व्हायच्या जरा आधी मागचा बाक करकरला. वळून पाहिलं, तर काका. तोच इस्त्रीचा शर्ट, हातात पारदर्शक पाऊच, त्यात दोन पेनं आणि पट्टी. मला वाटलं, मी गाडीत काहीतरी विसरले आणि ते द्यायला आले. पर्यवेक्षक बाईंनाही तसंच वाटलं असावं.

"अहो, पालकांनी फाटकाबाहेर थांबायचं."

"मी पालक नाही," काका उठून उभे राहत म्हणाले, "परीक्षार्थी आहे."

आणि त्यांनी हॉल तिकीट पुढे केलं. फोटोत त्यांनी टाय लावला होता. बाईंनी फोटोकडे, काकांकडे, पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि सही केली. मला पहिली वीस मिनिटं एक अक्षर लिहिता आलं नाही. मागून मात्र पेन अखंड चाललं होतं. फक्त व्याकरणापाशी एकदा हळूच "अरे देवा" ऐकू आलं.

परतताना गाडीत मी हे सगळ्यांना सांगून टाकलं. सिग्नलला काका समोर बघतच म्हणाले, "लग्न ठरताना मी दहावी पास सांगितलं होतं. नववीत वडील गेले, शाळा सुटली. लग्नाला एकवीस वर्षं झाली. घरात पुस्तक उघडलं, तर बायकोला कळणार. मग म्हटलं, गाडीत एवढी मुलं रोज शिकून येतात..."

"म्हणजे तुम्ही आमच्याकडून शिकत होतात?" सानिका जवळजवळ किंचाळली.

"आपण काही फार चांगलं शिकवत नव्हतात," काका म्हणाले. "पण दुसरं कुणी नव्हतं."

घाईघाईत ठोकून दिलेलं एकेक आठवायला लागलं. उतरताना मी कसंबसं म्हटलं, "काका, मी तुम्हाला कितीतरी वेळा चुकीचं सांगितलंय." "कळायचं ते," काका म्हणाले. "म्हणून ओंकारला विचारायचो. तो आणखी चुकीचं सांगायचा."

गणिताच्या आधीच्या सुट्टीत आम्ही तिघांनी आमच्या सोसायटीबाहेर, चिंचेच्या सावलीत लावलेल्या व्हॅनमध्ये काकांना गणित शिकवलं. इतकं मन लावून आम्ही स्वतःसाठीही कधी बसलो नव्हतो. भूमितीच्या सिद्धता काकांना पाठ करायच्या नव्हत्या, पटवून घ्यायच्या होत्या, आणि त्यांना पटेपर्यंत त्या आम्हालाही पहिल्यांदाच समजत होत्या. ओंकारला गणितात पुढे जे गुण पडले, त्याचा धक्का त्याच्या घरचे अजून पचवतायत.

निकालाच्या दिवशी सानिकाने काकांचा क्रमांक मोबाईलवर टाकला. पास. गणितात छत्तीस. काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "आता घरी सांगतो. आपण सोबत या. माझी एकट्याची हिंमत नाही."

काकूंनी दार उघडलं. पेढ्यांचा पुडा बघून हसल्या. "यांचा निकाल ना? या, या."

"माझाही," काका म्हणाले. "मी दहावी पास झालो."

काकूंचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. "आणि लग्नात?"

"नववी."

काकू पलंगाच्या कडेवर बसल्या. आम्ही तिघं भिंतीला चिकटून उभे होतो. ओंकारच्या तोंडात अर्धा पेढा होता आणि तो चावायचं विसरला होता. मग काकू म्हणाल्या, "माझी बारावी झालीय."

"काय?"

"सायन्स. स्थळ दहावीचं आहे, मुलगी जास्त शिकलेली बरी दिसत नाही, म्हणून आमच्या घरच्यांनी मलाही दहावीच सांगायला लावलं."

काका खाली बसले. मग विचारलं, "गणितात किती होते?"

"सत्याऐंशी."

"सहा वर्षं!" काका आमच्याकडे हात करत ओरडले. "सहा वर्षं मी या पोट्ट्यांना विचारत बसलो!"

काकू हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "एकदा मला विचारायचं होतं."

"तू सांगितलं असतंस?"

काकूंनी विचार केला. "नसतं," त्या म्हणाल्या. मग उठल्या, कपाट उघडलं आणि साड्यांच्या तळाशी हात घातला.

आम्ही निघालो हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं. बाहेर जिन्यात बूट घालायला बसलो. अकरावीला आम्ही तिघं बहुधा तीन वेगळ्या कॉलेजांत जाणार होतो, वेगवेगळ्या बसने. आतून काकूंचा आवाज येत होता. त्या एकेक विषय आणि त्यापुढचा आकडा सावकाश वाचत होत्या, आणि प्रत्येक आकड्यानंतर काका "अरे वा" म्हणत होते. आमच्या नाड्या केव्हाच बांधून झाल्या होत्या. तरी रसायनशास्त्र होईपर्यंत कुणी उठलं नाही.