दादाची माणसं, धाकट्याची जमीन

दादा माणसं घडवायचा आणि धाकटा त्यांच्या पायाखालची जमीन. दोघंही साठीला टेकले होते, तरी लोक त्याला धाकटाच म्हणत. दादाच्या हातून अंगठ्याएवढे मातीचे सैनिक आणि घोडे उतरत. धाकटा लाकडी फळीवर बुचाचे तुकडे मोडून खडक उभे करी, डिंकावर वाळू भुरभुरवी, वाळक्या मुळांची झाडं रोवी. पाचोळ्यासाठी त्याला चहाचा चोथा लागे.

"लोकांकडे चहा केला की चोथा उरतो," वहिनी म्हणायची, "आपल्याकडे चोथा हवा म्हणून चहा होतो."

भाऊ एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसत. फारसं बोलत नसत; त्याची गरजही पडत नसे.

मग संग्रहालयाचं मोठं काम आलं. नदी ओलांडणारं सैन्य करायचं होतं. धाकट्यानं काठ आधी केला. चिखल ओला होता तोवर काडीनं त्यात पावलं उमटवली, पाण्याकडे जाणारी, कुठं एखादं घसरलेलं. दादा वाकून बघत राहिला.

"हा लंगडतोय वाटतं," एका पावलाकडे बोट दाखवून तो म्हणाला. "करतो त्याला तसाच."

ते राहूनच गेलं. एका सकाळी तोंड धुताना दादा कोसळला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

धाकट्यानं माणसं करायला घेतली. आयुष्यभर शेजारी बसून पाहिलेलं काम, पण हात ऐकेना. वहिनी डोकावली.

"हे सैन्य बटाट्याच्या पोत्यातून निघालंय का रे?" ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

त्यातल्या त्यात बरा एक सैनिक त्यानं दादाच्या डाव्या हातात ठेवला. माती अजून मऊ होती. दादानं तो फिरवून पाहिला आणि खांद्यापाशी अंगठा नेला. चूक तिथंच होती. पण अंगठा थरथरला आणि सैनिकाचं मुंडकं तुटून चादरीवर पडलं. दादानं डोळे मिटून घेतले. धाकट्यानं पुन्हा माती मळली नाही.

संग्रहालयाचे साहेब भेटायला आले. माणूस भला होता. खुर्चीच्या कडेवरच बसले.

"माणसं आता यंत्रावर छापून मिळतात," ते म्हणाले. "तुमच्यावर ओझं नको."

"चालेल. माझा काठ तयार आहे."

साहेबांनी मान खाली घातली. "त्यांच्या पायाला जमीन चिकटूनच येते, काका."

धाकटा रंगाच्या दुकानात लागला. गिऱ्हाइकाला डबा हलवून द्यायचा, एवढंच काम. काठ खोलीत धूळ खात पडला.

एका संध्याकाळी तो घरी आला, तर खोली मोकळी झालेली. तिथं दादाची खाट लागली होती.

"भंगारवाल्याला दिलं सगळं," वहिनी म्हणाली. "यांना उजेड हवा, डॉक्टर म्हणाले. तुला विचारायला हवं होतं."

"त्यात काय विचारायचं?"

त्यानं हात धुतले, खाटेशी बसला आणि चमच्यानं दादाला दूध पाजू लागला. अर्धं ओठाच्या कडेनं गळत होतं. त्यानं ते पुसलं. दादानं भिंतीकडे तोंड फिरवलं. धाकटा पुढचा चमचा भरून, तो वळण्याची वाट बघत बसला.