अर्डिसला दिसणारे तितर

अर्डिस त्वाइतने सत्तावीस वर्षं मोंटानातल्या लुइसटाउनच्या आसपास, खडीच्या रस्त्यांवर शाळेची बस चालवली. एवढ्या वर्षांत पोरांवर तिने कधी आवाज चढवला नाही. आरशातून नुसतं बघायची. पोरं आपोआप जागेवर बसायची. तिचा नवरा लाइल धान्याच्या कोठारावर कामाला होता. घरात बोलायचं काम त्याचं.

दर ऑक्टोबरात दोघं पाच दिवस गाडी घेऊन बाहेर पडत. लेक जोलीन चालायला लागली तशी तीही बरोबर. लग्नाच्या पहिल्या वर्षीच ठरलं होतं, की सकाळ तितरांची आणि दुपार अर्डिसची. सकाळी लाइलने बंदूक आणि कुत्रा घेऊन रान तुडवायचं. दुपारी अर्डिस म्हणेल त्या घाटातून गाडी न्यायची, ती म्हणेल तिथे थांबायचं, आणि तिचं बघून होईपर्यंत गाडी सुरू करायची नाही.

सकाळी ती बापलेकीला शेताच्या कडेला उतरवी आणि गाडी वरच्या वळणावर नेऊन लावी. तिथून गव्हाची कापलेली रानं, त्यामागची नदी आणि त्यापलीकडे बर्फाची पहिली रेघ ओढलेले डोंगर दिसत. गुडघ्यावर दुर्बीण ठेवून ती तासन्‌तास बसून राही.

त्या वर्षी लाइल एकाहत्तरचा होता. गुडघ्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं, की चढउतार पुरे झाले, आता सपाटीवर फिरा. लाइल म्हणाला, हे शेवटचं वर्ष. पण पहिल्या दिवशी तितर मिळाला नाही आणि दुसऱ्या दिवशी पीससुद्धा दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता तो लंगडत वर आला. मागून जोलीन दोन्ही बंदुका घेऊन येत होती. तो गाडीत बसला, दार लावलं आणि समोर बघत राहिला.

अर्डिसने पाच मिनिटं वाट पाहिली. वाऱ्याला शिव्या नाहीत, कुत्र्याला नाहीत, हवामान सांगणाऱ्यालाही नाहीत.

"त्या टेकाडाच्या मागे काटेरी झुडपं आहेत ना," ती म्हणाली, "तिथे बसलेत ते."

"कोण?"

"तितर. तुम्ही खालून शिरलात की ते पुढे पळतात, टेकाडाला वळसा घालून उडतात आणि झुडपांत उतरतात. आज बारा होते."

लाइलने मान वळवली. "आज?"

"दरवर्षीच. कधी नऊ, कधी पंधरा."

मागच्या सीटवर जोलीनने सँडविच खाली ठेवलं. "आई, तुला हे कधीपासून माहितीये?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून."

"मग सांगितलं का नाहीस?" लाइल म्हणाला.

"विचारलं नाहीस."

"अर्डिस."

ती डोंगरांकडे बघत म्हणाली, "ज्या वर्षी पक्षी लवकर मिळतात, त्या वर्षी तू नऊलाच गाडीत येऊन बसतोस. आणि मग बोलतोस."

जोलीनला हसू आवरेना. तिने तोंड खिडकीकडे केलं.

लाइल बंदूक घेऊन खाली उतरला. "चल," तो बायकोला म्हणाला, "दाखव."

"माझे बूट तसले नाहीत."

"चल म्हणतो ना."

ती पुढे, तो मागे, त्याच्यामागे जोलीन आणि कुत्रा, असे ते टेकाडाला वळसा घालून गेले. झुडपांपासून वीस पावलांवर कुत्रा थिजल्यासारखा उभा राहिला. बारा तितर एकदम भर्रकन उडाले. लाइलने एक पाडला, दुसरा हुकवला. जोलीनने एक पाडला. उरलेले दहा नदीकडे गेले.

"आता पलीकडच्या कुंपणापाशी उतरतील," अर्डिस म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. लाइलने तिच्याकडे पाहिलं, पण तो तिकडे गेला नाही. पडलेला पक्षी उचलून त्याने त्याची पिसं अंगठ्याने सारखी केली आणि तो तिच्या हातात दिला. पक्षी अजून गरम होता. एवढ्या वर्षांत तिने तितर इतक्या जवळून फक्त तव्यात पाहिला होता.

दुपारी तळ्याकाठी जोलीनने दोन्ही पक्षी लोण्यात परतले. लाइलने दोन घास खाल्ले. मग त्याने बोलायला सुरुवात केली, ती थेट पहिल्या ऑक्टोबरपासून: कुठल्या वर्षी कुठे किती पायपीट झाली, कुणाचे बूट फाटले, कोणता कुत्रा काट्यात अडकला, आणि प्रत्येक वेळी ही बाई वर बसून काय करत होती. अर्डिसने पाणी बघत सगळं ऐकून घेतलं.

पुढच्या दोन्ही सकाळी त्याने तिला खाली बरोबर नेलं. तिच्या टाचेला फोड आला. पक्षी मिळाले.

घरी परतताना प्रत्येक पेट्रोल पंपावर त्याने ही गोष्ट ओळखीच्या-अनोळखी लोकांना सांगितली. दर पंपागणिक झुडपांतले तितर वाढत गेले. चाळीस झाले तेव्हा अर्डिसने काच खाली केली आणि "बारा," एवढंच म्हणून परत वर केली.