टक्क्याच्या खुणेमागे

गणिताच्या बाईंचा आवाज म्हणजे शाळेची जणू दुसरी घंटा. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, पण खाली सायकली लावणाऱ्या पोरांनाही वरचा भागाकार ऐकू यायचा. शेजारच्या वर्गावर इतिहासाचे सर होते. ते म्हणायचे, "माझी पोरं माझ्या तासाला तुमची प्रमेयं पाठ करतात हो, लढाया राहतात बाजूलाच."

मग बाईंच्या गळ्यातली गाठ काढावी लागली. ऑपरेशन झकास झालं असं डॉक्टर म्हणाले, आणि आवाज तेवढा गेला. झकास झालेल्या ऑपरेशनात आवाज जातो कसा, हे बाईंनी नक्की विचारलं असतं, पण विचारणार कशानं? आवाजाची नस दुखावली होती. ती बरी होईल किंवा होणारही नाही. उरली ती कुजबुज, आणि तीही समोर उभ्या असलेल्या माणसापुरती. माइक लावून पाहिला तर वर्गभर नुसता श्वास घुमला. फळ्याकडे वळून लिहू लागल्या तर पाठीमागे बाजार भरला.

मुख्याध्यापिका मॅडम वाईट मनाच्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही आता ग्रंथालय सांभाळा. तिथं बोलायचंच नसतं." मॅडमच्या दृष्टीनं ही सोय होती. बाई त्यांच्यासमोर छान हसल्या आणि घरी येऊन ढसाढसा रडल्या. रडण्यालाही आवाज नव्हता, हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं. संध्याकाळी त्यांनी मॅडमना मेसेज केला: एक तास द्या. पडद्यावर शिकवून दाखवते. नाही जमलं तर ग्रंथालयाच्या किल्ल्या घेते. मॅडमनी कबूल केलं. नववीचा वर्ग, येत्या गुरुवारी, आणि मॅडम स्वतः मागे बसणार.

झालं, बाई स्लाइड बनवायला बसल्या. सगळे वापरतात तेच सॉफ्टवेअर त्यांनी उघडलं आणि नाकी नऊ आले. अपूर्णांकाची रेघ एकीकडे पळे, वर्गमुळाचं छप्पर दुसरीकडे. एक चौकट सरळ करावी तर दुसरी तिरकी होई. सून शेजारी बसून मजा बघत होती. ती एका संशोधन संस्थेत पदार्थविज्ञानाचं काम करायची. शेवटी तिला राहवलं नाही.

"आई, आमच्याकडे हे कुणी वापरत नाही. लेटेक शिका. तुम्ही फक्त काय हवं ते लिहून सांगायचं, मांडणी तो करतो."

बाईंनी विश्वास ठेवला नाही. सांगितल्यावर निमूटपणे मांडणारा कुणी असेल, हे त्यांनी संसारात तरी पाहिलं नव्हतं. पण कुतूहल हा त्यांचा जुना आजार. सुनेनं दाखवलं: बिगिन फ्रेम लिहायचं, मग मजकूर, मग एंड फ्रेम, की झाली एक स्लाइड. अपूर्णांक हवा तर फ्रॅक लिहायचं, वरचा आकडा एका कंसात, खालचा दुसऱ्या. एक बटण दाबलं की कम्पाइल होतं, म्हणजे लिहिलेल्या हुकमांचं पान तयार होतं. बाईंनी बटण दाबलं. पान आलं. सगळी गणितं जागच्या जागी, पुस्तकात असावीत तशी, आणि मधले शब्द मात्र एकूण एक गायब. आपल्या लिपीचा फॉन्ट सांगायचा राहिला होता.

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग मोबाइलवर टाइप केलं, "हाही माझ्यासारखाच. गणित शाबूत, वाचा गेलेली." सुनेला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं फॉन्टची ओळ घातली.

त्यानंतर दोघी एकाच सोफ्यावर बसून एकमेकींना मेसेज करायच्या. सूनही टाइपच करायची, सासू एकटी पडू नये म्हणून. समोरच्या शेजारणीनं खिडकीतून हे पाहिलं आणि तिसऱ्या घरी सांगितलं, "त्या दोघींचा अबोला आहे हो." खरं तर सासू-सुना इतक्या कधीच बोलल्या नव्हत्या. हे असं का? ते तसं का? प्रत्येक हुकमाआधी ती उलटी तिरकी रेघ कशाला? बाईंचे प्रश्न संपत नव्हते, आणि रोज दुसऱ्यांचे प्रश्न सोडवणाऱ्या सुनेला घरी हे प्रश्न आवडत होते, याचं तिचं तिलाच नवल वाटत होतं.

एकदा बाईंनी सरावाला शेकडेवारीचं उदाहरण घेतलं. "दुकानदारानं २०% सूट दिली तर" असं लिहिलं. पानावर आलं, "दुकानदारानं २०". सूट गायब, दुकानदार अर्धवट. बाईंनी पुन्हा पुन्हा बघितलं, चष्मा पुसला, कम्प्युटर बंद करून चालू केला. सुनेनं सांगितलं, "टक्क्याची खूण आली की तिथून ओळीच्या शेवटापर्यंतचं तो वाचतच नाही. ते आपलं आपल्यासाठी. पानावर येत नाही."

बाईंचे डोळे चमकले. म्हणजे लिहायचं, आणि कुणाला दिसायचं नाही? त्यांची एक मोठी अडचण त्यातून सुटणार होती. त्रिकोणाच्या तीन कोनांच्या बेरजेचं प्रमेय त्यांनी मांडलं होतं, ओळीमागून ओळ यावी म्हणून जिथं त्या श्वास घ्यायच्या तिथं थांबायचा, म्हणजे पॉजचा, हुकूम घातला होता. पण पाठ कोरडा ठणठणीत वाटत होता. त्यांचा तास नुसता प्रमेयाचा कधी नसायचाच. अर्धा तास तर पोरांशी चाललेल्या हुज्जतीचा असायचा. आधी त्यांनी ती हुज्जतही स्लाइडवर लिहिली, "शेवटचा बाक, काय चाललंय?" अशी. सून म्हणाली, "आणि शेवटचा बाक त्या दिवशी गप्प बसला तर?" मुद्दा बिनतोड होता. मग बाईंनी सगळी हुज्जत टक्क्याच्या खुणेमागे टाकली. पोरं कुठं काय करणार, आपण तेव्हा काय करायचं, ते स्वतःला आठवण म्हणून. लिहिताना वर्ग डोळ्यांपुढे उभा राहायचा आणि बाई एकट्याच हसायच्या.

गुरुवार उजाडला. बाईंची पाचावर धारण बसली होती. प्रोजेक्टर लागला, पडदे ओढले, मॅडम मागच्या भिंतीशी खुर्चीवर बसल्या. बाईंनी बटण दाबलं. त्रिकोण आला. पुन्हा दाबलं, वरच्या टोकातून पायाला समांतर रेघ आली. पोरं चक्क शांत. एकेक ओळ उमटत होती आणि पोरं मान वर करून वाचत होती. बाईंना धीर आला.

तेवढ्यात वकील उठला. हे त्याचं नाव नव्हे, पण हरकत घेतल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. "बाई, ही रेघ वरच्याच टोकातून का? खालच्या टोकातून काढली तर नाही का चालणार?"

चालतं की. कुठल्याही टोकातून काढा. एरवी बाईंनी त्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर दिलं असतं. आता त्यांची कुजबुज त्याच्या बाकापर्यंतही पोचली नसती. वर्ग वाट बघू लागला. मागे मॅडमनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आणि बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आता गप्प राहिले तर किल्ल्या हातात पडल्याच म्हणून समजा. त्यांना आठवलं, हुकमातलं एक अक्षर बदललं की रेघ दुसऱ्या टोकातून निघते. त्यांनी झटकन स्लाइड बंद करून मूळ फाइल उघडली आणि अक्षर शोधायला वाकल्या.

प्रोजेक्टर चालूच होता, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

पडद्यावर हाताएवढ्या अक्षरांत सगळं उभं राहिलं. बाई मान खाली घालून टाइप करत होत्या, आणि वर्ग वाचत होता. "% इथे शेवटचा बाक खिदळणार. लक्ष देऊ नये, आपोआप थांबतात." शेवटचा बाक खिदळला. आणि आपोआप थांबलाही. "% लंबू बाहेर बघेल. बाक त्याला लहान पडतो, पाय अवघडतात. काही निमित्तानं उभं करावं." लंबूनं पाय आत घेतले. "% मॅडम घड्याळ बघतील." सगळा वर्ग एकदम मागे वळला. मॅडमनी घड्याळावरचा हात दुसऱ्या हाताखाली लपवला.

हसण्याचा लोट आला तेव्हा बाईंनी मान वर केली आणि पडदा पाहिला. कानशिलं तापली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. घाईघाईत भलतंच बटण दाबलं गेलं, आणि पान बंद व्हायच्या ऐवजी आणखी खाली सरकलं.

"% इथे वकील उठणार. उत्तर देऊ नये. चिडू द्यावं. चिडला की त्याचं त्याला सापडतं."

हसणं थांबलं. वकील उभाच होता. त्यानं ते दोनदा वाचलं. "चिडलो नाहीये मी," तो चिडून म्हणाला. बाकातून बाहेर आला, खडू घेतला, फळ्यावर त्रिकोण काढला, खालच्या टोकातून रेघ ओढली, कोनांना खुणा केल्या. एकदा चुकला. लंबूनं जागेवरून उभं राहून चूक दाखवली. शेवटच्या बाकावरून कुणीतरी व्युत्क्रम कोन सांगितले. बाई हात बांधून बघत होत्या. त्यांच्या तासाला इतकी पोरं एकमेकांशी गणित बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं. बोलायला त्यांनी जागा ठेवली होती कुठे? बेरीज जुळली तेव्हा वकिलानं खडू असा ठेवला, जणू खटलाच जिंकला.

घंटा झाली. मॅडम पुढे आल्या. बाईंनी नजर वर केली नाही.

"ग्रंथालयात बसून तुम्ही कुणाबद्दल लिहिणार?" मॅडम म्हणाल्या. "पुस्तकं काही खिदळत नाहीत. उद्यापासून नववी तुमचीच. आणि ते घड्याळाचं तेवढं काढून टाका हो." बाईंनी आभार मानायला तोंड उघडलं. "बोलू नका," मॅडम म्हणाल्या आणि घाईनं निघून गेल्या. बाईंचा जीव भांड्यात पडला. खुर्चीवर बसून त्यांनी डोळे पुसले, उघड उघड पुसले.

पोरं टेबलाभोवती जमली होती. उद्याचं आमचं काय लिहिलंय, दाखवा ना, म्हणून गलका चालला होता. बाईंनी सगळ्यांना हातानं हाकललं. एक मुलगी तेवढी राहिली. भिंतीकडेच्या बाकावरची, नीटनेटकी, कधी नापास न झालेली, कधी हात वर न केलेली.

"बाई, मी सगळं वाचलं," ती म्हणाली. "माझं कुठंच नाहीये."

तक्रार नव्हती. पंखा बंद आहे म्हणून सांगावं तसं सांगितलं तिनं. बाईंनी फाइल वरपासून खालपर्यंत सरकवली. खरंच नव्हतं. सगळ्यात शेवटी त्यांनी टक्क्याची खूण टाइप केली आणि पुढे काय लिहावं ते सुचेना. ही मुलगी कुठं हसते, कुठं अडते, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी तिला जवळ बोलावलं, अगदी जवळ, कुजबुज पोचेल इतकं.

"तूच सांग," त्या म्हणाल्या.

मुलीनं फळ्यावरच्या त्रिकोणाकडे बोट केलं. "ती समांतर रेघ येते ना, तिथं माझं सुटतं. मग पुढचं नुसतं पाठ करते. आठवीतही तिथंच सुटलं होतं."

आठवीला बाईच होत्या, आणि तेव्हा त्यांचा आवाज तळमजल्यापर्यंत जात होता. त्यांनी प्रोजेक्टर बंद केला, शेजारची खुर्ची ओढली आणि तिच्या हातात पेन्सिल दिली.